हार्डवूडच्या निर्यातीची तुलना: अमेरिका आणि मलेशियाचे आकडे शेजारी मांडताना

अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरातला ओक आणि मलेशियाच्या जंगलातला मेरांती, दोघांच्या चिरलेल्या फळ्या कंटेनरमध्ये भरल्या की कस्टमच्या कागदावर सारखाच चार आकडी कोड पडतो: ४४०७. दोन्ही हार्डवूड, दोन्हींची किंमत डॉलरमध्ये. मग वीस-पंचवीस वर्षांचे आकडे उतरवून घ्यावेत, दोन रेषा काढाव्यात आणि जी वर गेली तो देश पुढे म्हणावं, असं कुणालाही वाटेल. इमारती लाकडाच्या व्यापाराचे आकडे मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. निर्यातमूल्याच्या एका रेषेत माल किती गेला, कुठल्या जातीचा गेला, भाव काय होता, डॉलर केवढ्याला होता आणि कोडची व्याख्या कधी बदलली, हे सगळं एकत्र वळलेलं असतं. हे पीळ सोडवले नाहीत तर तुलना चुकते, आणि बहुतेक वेळा ती मलेशियाच्या बाबतीत चुकते. ती कशी, ते ओघात येईलच. विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी, पत्रकाराला बातमीसाठी किंवा आयात करणाऱ्या व्यापाऱ्याला बाजार समजून घेण्यासाठी एक्सेल आणि इंटरनेट एवढ्यावर हे काम होतं.

पायरी १: हार्डवूड म्हणजे काय, ते आधी पक्कं करा

हार्डवूड हा शब्द लाकूड किती टणक आहे ते सांगत नाही, झाड कुठल्या गटातलं आहे ते सांगतो. रुंद पानांची, फुलं येणारी झाडं हार्डवूड. चीड, देवदार यांच्यासारखी सूचिपर्णी झाडं सॉफ्टवूड. आपल्याकडची काटेसावर घ्या. तिचं लाकूड इतकं मऊ की आगपेटीच्या काड्यांना वापरतात, तरी हिशेबात ती हार्डवूडच. देवदार वर्षानुवर्षं टिकतो, तरी तो सॉफ्टवूड. व्यापाराची आकडेवारी या वनस्पतिशास्त्रीय विभागणीवर चालते.

दुसरी सीमा मालाच्या रूपाची. ४४०३ म्हणजे ओंडके. ४४०७ म्हणजे लांबीत चिरलेलं, ६ मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड. रंधा मारलेलं असो वा नसो, टोकाला सांधा जोडलेला असो वा नसो. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ झालं की ते विनिअर, म्हणजे ४४०८. कडेला खाच-जीभ काढली, मोल्डिंग किंवा फरशीची पट्टी केली की ४४०९. प्लायवूड ४४१२. तीच फळी मशीनवरून एकदा जास्त गेली की तुमच्या तक्त्यातून गायब होते आणि शेजारच्या तक्त्यात उगवते, एवढं ध्यानात असू द्या. पायरी ७ मध्ये हाच मुद्दा परत लागणार आहे.

पायरी २: आकडे कुठून घ्यायचे

दोन ठिकाणं पुरेशी आहेत.

पहिलं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं एफएओस्टॅट. तिथे वनक्षेत्राच्या विभागात 'उत्पादन आणि व्यापार' उघडा. देश म्हणून अमेरिका आणि मलेशिया निवडा, वस्तू म्हणून 'सॉनवूड, नॉन-कॉनिफेरस' (म्हणजे चिरलेलं, सूचिपर्णी नसलेलं लाकूड), आणि घटक म्हणून निर्यातीचं प्रमाण व निर्यातीचं मूल्य हे दोन्ही. नुसतं मूल्य घेऊन थांबू नका. प्रमाण नसेल तर पुढचं निम्मं काम अडतं. प्रमाण घनमीटरमध्ये आणि मूल्य हजार डॉलरमध्ये येतं. ते 'हजार' नजरेतून सुटलं तर अब्जाचे लाख होतात. ही मालिका १९६१ पासून मिळते, लांब पल्ल्यासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. मात्र फाइलमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी एक खुणेचं अक्षर असतं. तो आकडा देशाने अधिकृतपणे कळवलेला आहे की अंदाजाने भरलेला, हे त्यावरून कळतं. तो रकाना काढून टाकू नका. सलग चार वर्षं अंदाजाची असतील तर तिथली सपाट रेषा म्हणजे बाजार स्थिर होता असं नव्हे.

दुसरं ठिकाण संयुक्त राष्ट्रांचंच, कॉमट्रेड. इथे सहा आकडी कोडपर्यंत जाता येतं, म्हणजे ओक वेगळा, मेपल वेगळा, मेरांती वेगळा. अमेरिकेचा क्रमांक ८४२, मलेशियाचा ४५८, भागीदार 'वर्ल्ड', प्रवाह 'एक्स्पोर्ट'. दोन्ही ठिकाणचे आकडे तंतोतंत जुळायची अपेक्षा ठेवू नका. एफएओच्या व्याख्येत रेल्वेचे लाकडी स्लीपरही येतात, कस्टमच्या कोडमध्ये त्यांचं घर वेगळं आहे, ४४०६. एका तुलनेत दोन्ही देशांसाठी एकच स्रोत वापरा. अमेरिका एका संकेतस्थळावरून आणि मलेशिया दुसऱ्यावरून, असं कधीही करू नका.

अमेरिकेच्या खोलात जायचं असेल तर तिथल्या कृषी खात्याचा 'गॅट्स' डेटाबेस दहा आकडी कोडपर्यंत नेतो. तिथे लाल ओक आणि पांढरा ओक वेगळे दिसतात. सहा आकडी ४४०७९१ मध्ये दोघं एकत्र असतात. पांढरा ओक पिंपांना आणि उंची फर्निचरला जातो, लाल ओकचं बरंचसं नशीब चीनच्या फर्निचर कारखान्यांशी बांधलेलं. दोघांचा बाजार एक समजलात तर अमेरिकेच्या रेषेतला सगळ्यात मोठा खड्डा समजणार नाही.

पायरी ३: कोड बदलले त्या वर्षांवरून पूल बांधा

जागतिक कस्टम संघटना दर पाच-सहा वर्षांनी कोडची यादी सुधारते. २००७ मध्ये मेपल, चेरी आणि ॲश यांना स्वतंत्र कोड मिळाले. त्याआधी ते 'इतर' या पोतडीत होते. २०१७ मध्ये बर्च आणि पॉप्लर बाहेर आले. २०२२ मध्ये सागाला स्वतःचा कोड मिळाला, ४४०७२३. त्यामुळे तुम्ही एकेक हार्डवूड कोड बेरजेत घेत गेलात, तर २००६ ते २००७ दरम्यान किंवा २०१६ ते २०१७ दरम्यान एखादी जात अचानक जन्मल्यासारखी दिसते आणि 'इतर' कोसळल्यासारखं दिसतं. बाजारात तसं काहीही घडलेलं नसतं.

यावर उपाय साधा आहे. हार्डवूड बेरजेने काढू नका, वजाबाकीने काढा. संपूर्ण ४४०७ घ्या आणि त्यातून सॉफ्टवूड वजा करा. २०१६ पर्यंत सॉफ्टवूड एकाच कोडमध्ये होतं, ४४०७१०. २०१७ पासून त्याचे तुकडे झाले: ४४०७११, ४४०७१२, ४४०७१९; २०२२ पासून ४४०७१३ आणि ४४०७१४ सुद्धा. म्हणजे ४४०७१ ने सुरू होणारं सगळं वजा करायचं. उरतं ते हार्डवूड, मग आत कितीही फाटे फुटोत. प्रत्येक देश नवी यादी त्याच वर्षी लागू करतो असंही नाही, पण वजाबाकीच्या रीतीला त्याचा त्रास होत नाही. माझ्या मते या सगळ्या कामातली ही सगळ्यात उपयोगी युक्ती आहे.

जातवार बघायचंच असेल तर नावावर विसंबू नका. अमेरिकन व्यापारी ज्याला 'यलो पॉप्लर' किंवा ट्यूलिपवूड म्हणतात, ते झाड मॅग्नोलियाच्या कुळातलं आहे, खऱ्या पॉप्लरशी त्याचा संबंध नाही. पॉप्लरचा कोड खऱ्या पॉप्लरच्या वंशासाठी आहे. कोडसमोरचा मजकूर शेवटपर्यंत वाचायचा.

पायरी ४: निर्यात कोणाची, आणि कोणत्या भावाने

निर्यातीचा आकडा बहुधा एफओबी असतो, म्हणजे बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत. आयातीचा आकडा बहुधा सीआयएफ, त्यात जहाजभाडं आणि विमा मिळवलेला. त्यामुळे मलेशियाने 'भारताला पाठवलं' म्हणून दाखवलेला आकडा आणि भारताने 'मलेशियाकडून आलं' म्हणून दाखवलेला आकडा वेगळे निघणारच. त्यात भर म्हणजे आपलं सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, आणि कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर. डिसेंबरात निघालेलं जहाज जानेवारीत पोहोचतं, हेही आलंच.

तरी समोरच्या देशाने नोंदवलेले हे आरशातले आकडे एकदा पाहाच. फरक भाडं-विम्याने समजावता येईल एवढा असेल तर ठीक. आयातदार देश सातत्याने दुप्पट दाखवत असेल, तर कागद कुठेतरी कमी पडले आहेत किंवा माल तिसऱ्या देशातून फिरून आला आहे. जंगल नसतानाही चिरलेल्या लाकडाची निर्यात दाखवणारं सिंगापूर हे फेरनिर्यातीचं नेहमीचं उदाहरण. आकडे उतरवताना फेरनिर्यात वेगळी दिली असेल तर ती वगळा, नाहीतर दुसऱ्याच्या जंगलाचं श्रेय या देशाला जाईल.

पायरी ५: मूल्याचे दोन भाग करा

आता खरं काम. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका देशाने २०१० मध्ये १० लाख घनमीटर हार्डवूड ५० कोटी डॉलरला विकलं, आणि २०२० मध्ये ८ लाख घनमीटर ६० कोटी डॉलरला. मूल्य २० टक्के वाढलं. बातमीत हेच येतं: 'निर्यात २० टक्क्यांनी वाढली.'

मूल्याला प्रमाणाने भागा. २०१० मध्ये घनमीटरला ५०० डॉलर पडले, २०२० मध्ये ७५०. भाव ५० टक्के वाढला, माल २० टक्के घटला. ०.८ गुणिले १.५ बरोबर १.२. जंगलातून कमी लाकूड आलं, गिरण्यांनी कमी चिरलं, आणि तरीही रेषा वर गेली.

आता महागाई काढा. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१० मध्ये सरासरी २१८.०५६ होता, २०२० मध्ये २५८.८११. गुणोत्तर १.१८७. साठ कोटींना त्याने भागलं की २०१० च्या डॉलरमध्ये उरतात साधारण ५०.५ कोटी. म्हणजे दहा वर्षांत खरी वाढ जवळपास एक टक्का. वार्षिक चक्रवाढ दर काढायचा तर शेवटचा आकडा भागिले पहिला, त्याचा एकदशांश घात, वजा एक: नाममात्र १.८ टक्के, महागाई काढल्यावर ०.१ टक्के. पल्ला लांबवला तर फरक आणखी डोळ्यांत भरतो. २००० चा निर्देशांक १७२.२ आणि २०२३ चा ३०४.७, म्हणजे २००० मधल्या १०० डॉलरची बरोबरी करायला २०२३ मध्ये १७७ डॉलर लागतात. ज्या रेषेची वाढ यापेक्षा कमी, ती प्रत्यक्षात खाली आलेली आहे.

ग्राहक निर्देशांक हा ढोबळ काटा आहे. लाकडाचाच भाव किती वाढला हे पाहायचं तर अमेरिकेचं श्रम सांख्यिकी कार्यालय हार्डवूडचा स्वतंत्र उत्पादक किंमत निर्देशांक देतं. पण तो अमेरिकन जातींचा आहे, मेरांतीला लावू नका. दोन देशांसाठी एकच माप हवं असेल तर ग्राहक निर्देशांकच बरा.

घनमीटरमागचा भाव वाढला याचा अर्थ दर वेळी 'लाकूड महागलं' असाही नाही. लाल ओक कमी झाला आणि अक्रोडाच्या फळ्या वाढल्या, तर एकाही जातीचा भाव न हलता सरासरी वर जाते. म्हणून जिथे भावात मोठी उडी दिसेल तिथे सहा आकडी कोड उघडून जातींचं मिश्रण पाहायचं.

मापांबद्दल एक टीप, कारण जुन्या अहवालांत ती लागते. एक घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट. अमेरिकन गिरण्या बोर्डफूट वापरतात: एक घनमीटर म्हणजे साधारण ४२४ बोर्डफूट. मलेशियन व्यापारात चिरलेल्या लाकडाचा 'टन' हे वजन नसून ५० घनफुटांचं माप आहे, म्हणजे १.४१६ घनमीटर. टन पाहून किलोने हिशेब केला की सगळंच बिघडतं.

पायरी ६: चलन

१९९८ च्या सप्टेंबरपासून २००५ च्या जुलैपर्यंत मलेशियाने रिंगिट डॉलरला ३.८० दराने बांधून ठेवला होता. ती वर्षं तुलनेला सोपी. २०११ च्या सुमारास डॉलर ३ रिंगिटच्या आसपास होता, २०१५ संपता संपता तो ४ च्या वर गेला. डॉलरमध्ये भाव स्थिर असला तरी मलेशियाच्या जोहोर राज्यातल्या गिरणीमालकाच्या हातात तिसरा हिस्सा जास्त रिंगिट पडत होते. मजुरी रिंगिटमध्ये, वीज रिंगिटमध्ये. डॉलरच्या आलेखावर जे वर्ष मंदीचं दिसतं, ते तिथल्या माणसाला तसं वाटलंच असेल असं नाही. म्हणून मलेशियासाठी रिंगिटमधली रेषा वेगळ्या आलेखात काढून शेजारी ठेवा. अमेरिकेची गोष्ट उलटी: डॉलर मजबूत झाला की चिनी किंवा युरोपीय ग्राहकाला तिचं लाकूड महाग पडतं, आणि आपल्या डॉलरच्या तक्त्यात त्याचं कारण दिसतच नाही.

पायरी ७: आलेख, आणि रेषा वाचणं

दोन तऱ्हेचे आलेख काढा. एक महागाई काढलेल्या डॉलरचा, दोन्ही देश एकाच अक्षावर. दुसरा निर्देशांकाचा, आधारवर्ष १०० मानून. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा असे दोन अक्ष लावू नका. मापं ताणून कुठल्याही दोन रेषा कुठेही छेदवता येतात.

आधारवर्ष निवडताना घाई करू नका. २००९ घेतलं तर अमेरिकन घरबांधणी कोसळल्यानंतरच्या खड्ड्यापासून सगळीच चढण दिसते. मलेशियासाठी १९९८ तसंच, आशियाई आर्थिक संकटाचं. २०२० टाळाच. तीन शांत वर्षांची सरासरी घेऊन तिला १०० म्हणा, आणि आधार बदलून निष्कर्ष टिकतो का ते एकदा तपासा. टिकत नसेल तर तो निष्कर्ष आधारवर्षाचा आहे, देशाचा नाही.

मग आलेखावर उभ्या रेघा मारा. माझ्या आलेखावर या असतात: १९९७-९८ चं संकट; २००८, अमेरिकेने वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा लेसी कायदा बेकायदा लाकडालाही लावला ते वर्ष; ३ मार्च २०१३, युरोपीय संघाचा बेकायदा लाकडाविरुद्धचा नियम लागू झाला तो दिवस; २०१७, चीनने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड देशभर थांबवली ते वर्ष; आणि २०१८.

२०१८ वर थोडं थांबायला हवं. तोपर्यंत अमेरिकेच्या चिरलेल्या हार्डवूडच्या निर्यातीतला निम्म्याच्या आसपास हिस्सा एकट्या चीनकडे जाऊ लागला होता. स्वतःची तोड थांबवल्यावर चीनची भूक वाढली होती आणि अमेरिकेची रेषा त्या लाटेवर चढली होती. २४ सप्टेंबर २०१८ पासून चीनने प्रत्युत्तर म्हणून अमेरिकन मालावर जादा कर लावले, त्यात हार्डवूड होतं. १ जून २०१९ पासून अनेक जातींवर ते आणखी वाढले. निर्यात घसरली, आणि ॲपलाचियन भागातल्या छोट्या, पिढीजात सॉमिलांना तो फटका सोसला नाही. ओक तोच, जंगल तेच, गिरणीही तीच. दार बंद झालं ते ग्राहकाचं. या घसरणीत प्रमाण आणि भाव दोन्ही एकदम पडलेले दिसतात, ती तिची ओळख.

मलेशियाची रेषा वेगळ्याच कारणाने उतरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिरलेलं लाकूड जेवढं बाहेर जायचं, त्या मानाने आज बरंच कमी जातं. ही उतरण हळू आहे, दशकांची आहे, आणि एका तारखेला बांधता येत नाही. नैसर्गिक जंगलातली तोड आकसत गेली हे एक. दुसरं, देशाने ठरवूनच कच्चा माल आत ठेवला. द्वीपकल्पीय मलेशियाने ओंडक्यांची निर्यात १९८५ मध्येच बंद केली. २०१७ मध्ये रबराच्या झाडाच्या चिरलेल्या लाकडाची निर्यातही थांबवली, कारण जोहोरमधल्या मुआरसारख्या फर्निचरच्या केंद्रांना तेच लाकूड कमी पडत होतं. चीक संपलेलं रबराचं झाड पूर्वी सरपणात जायचं. आज त्याच्या खुर्च्या-टेबलं होतात आणि त्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिका आहे.

म्हणजे ४४०७ च्या रकान्यात मलेशिया मागे पडत असताना तेच लाकूड ४४०९ मध्ये मोल्डिंग होऊन आणि ९४०३ मध्ये फर्निचर होऊन निघत होतं, जास्त मोल घेऊन. अमेरिका आणि मलेशिया, दोघांच्याही रेषा उतरत्या, पण पहिलीच्या मागे बंद पडलेल्या गिरण्या आणि दुसरीच्या मागे उभे राहिलेले कारखाने. म्हणून मलेशियाची तुलना कोणाशीही करताना ४४०७ खाली ४४०९ आणि लाकडी फर्निचरच्या ओळी जोडल्याशिवाय मी ती पूर्ण मानत नाही. शेजारच्या थायलंडला हे दुसऱ्या बाजूने लागू आहे: नैसर्गिक जंगलातली तोड १९८९ पासून बंद, तरी चिरलेल्या हार्डवूडचा तो मोठा निर्यातदार, कारण रबराच्या बागांमधलं लाकूड तो फळ्यांच्या रूपातच, मुख्यतः चीनला, विकतो. मलेशिया आणि थायलंड हे एकच झाड दोन कोडमध्ये दाखवतात.

अमेरिकेसाठी जोडायची ओळ ४४०३ ची आहे, ओंडक्यांची. मार्च २०२५ मध्ये चीनने किडीचं कारण देऊन अमेरिकन ओंडके घेणं थांबवलं. चिरलेल्या लाकडावर ती बंदी नव्हती. अशा वेळी ४४०७ ची रेषा एकटी पाहिली तर काही कळत नाही, ओंडक्यांची शेजारी ठेवली की कळतं.

शेवटी, नोंद

आलेखाखाली इतकं लिहा: स्रोत, वजाबाकीची रीत, डॉलर नाममात्र की कोणत्या वर्षाचे, फेरनिर्यात धरली की नाही, आणि आकडे उतरवल्याची तारीख. तारीख मी सगळ्यात वर लिहितो. देश मागचे आकडे सुधारत राहतात, आणि सगळ्यात अलीकडच्या वर्षाचा आकडा सहा महिन्यांनी पुन्हा पाहिला तर बहुधा बदललेला असतो. मूळ फाइल जशी आली तशी वेगळी ठेवा, हिशेब तिच्या प्रतीवर करा, आणि पुढच्या वर्षी नवी फाइल आली की आधी जुन्या फाइलशी ओळ न् ओळ ताडून मगच रेषा पुढे न्या.